जुनाट आजारांसाठी जुजबी पैसा

दंडाला पट्टा बांधून चोवीस तास वावरायचं. दिवसा दर वीस-तीस मिनिटांनी पट्टा आपोआप फुगतो, दंड आवळतो, कमरेला अडकवलेलं छोटं यंत्र रक्तदाबाचा आकडा टिपतं आणि हवा सुटते. रात्री झोपेतही हेच, फक्त जरा विरळ. हे यंत्र ज्यांनी लावून घेतलंय त्यांना ठाऊक आहे, दुसऱ्या दिवशी ते काढताना हायसं वाटतं. नायजेरिया, कॅमेरून, केनिया, युगांडा, मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिका या सहा देशांतल्या सातशेहून अधिक माणसांनी औषध सुरू होण्यापूर्वी हा पट्टा बांधून घेतला, आणि त्यातल्या सहाशेहून अधिक जणांनी सहा महिन्यांनी पुन्हा. त्यातून जे हाती आलं ते २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालं. या चाचणीचं नाव क्रिओल. निबंधावर पहिलं नाव होतं नायजेरियातल्या अबुजा विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. डाइक ओजी यांचं.

त्यांचा प्रश्न असा होता: कृष्णवर्णीय आफ्रिकी रुग्णाचा रक्तदाब एका गोळीने आटोक्यात येत नसेल आणि दोन द्यायच्या असतील, तर कोणत्या दोन? अॅम्लोडिपिन, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि पेरिंडोप्रिल ही तिन्ही औषधं जुनी. अॅम्लोडिपिन तर आपल्याकडे घरोघरी ‘बीपीची गोळी’ म्हणूनच ओळखतात. तिघांच्या तीन जोड्या लावून पाहिल्या. ज्या दोन जोड्यांमध्ये अॅम्लोडिपिन होतं त्या तिसऱ्या जोडीपेक्षा सरस ठरल्या. वरच्या दाबात फरक सुमारे तीन अंकांचा. एका माणसाच्या बाबतीत तीन अंक किरकोळ वाटतात, पण कोट्यवधी लोकांचा दाब तीन अंकांनी उतरला तर पक्षाघाताने लुळी पडणारी किती माणसं वाचतील, हे त्या क्षेत्रातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मला या चाचणीतली खटकणारी गोष्ट वेगळीच वाटते. एवढा साधा प्रश्न, एवढी स्वस्त औषधं, आणि उत्तर मिळायला २०१९ उजाडलं. तोवर आफ्रिकेतले डॉक्टर मुख्यतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर झालेल्या अभ्यासांवरून अंदाज बांधत होते. हा अभ्यास झाला तोही ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने २०१४ मध्ये आफ्रिकेतल्या असंसर्गजन्य आजारांसाठी पाच वर्षांकरता अडीच कोटी पौंडांची योजना जाहीर केली म्हणून. त्या कंपनीचं मी मनापासून कौतुक करते. पण अख्ख्या खंडाच्या रक्तदाबाचा प्रश्न एका खासगी कंपनीच्या एका वेळच्या योजनेवर अवलंबून राहावा, ही अवस्था बदलायला हवी असंही तितक्याच मनापासून वाटतं. आफ्रिकेतल्या तरुण शास्त्रज्ञांना मिळणारा पैसा कमी आहे हे खरंच आहे. त्याहून मोठी अडचण ही की तो पैसा ज्या पद्धतीने येतो, ती पद्धत दीर्घकालीन आजारांच्या अभ्यासाला मुळातच मानवत नाही. आजार तीस वर्षांचा आणि अनुदान तीन वर्षांचं.

आफ्रिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मलेरिया, एचआयव्ही, इबोला येतात. ते चित्र जुनं होत चाललंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागात २००० साली शंभरातले २४ मृत्यू असंसर्गजन्य आजारांनी होत होते. २०१९ मध्ये ते ३७ झाले. मधुमेहाचे प्रौढ रुग्ण २०२१ मध्ये सुमारे २.४ कोटी होते आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांना आपल्याला मधुमेह आहे हे माहीतच नव्हतं, असा आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा अंदाज आहे. मोझांबिकचे डॉ. आल्बेर्तिनो दमाशेनू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ देशांमधल्या १,००६ हृदय-निकामी रुग्णांची नोंद ठेवली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदीत रुग्णांचं सरासरी वय होतं ५२. युरोप-अमेरिकेत हा साधारण सत्तरीतला आजार. तिकडे नातवंडं खेळवताना जे दुखणं येतं ते इकडे मुलांची शाळेची फी भरायच्या वयात येतं. आणि तिकडे याचं मोठं कारण अडलेल्या रक्तवाहिन्या, तर इथे मुख्य कारण निघालं उपचाराविना राहिलेला रक्तदाब.

आणि पैसा? विकसनशील देशांच्या आरोग्यासाठी जी परदेशी मदत येते, तिच्यातला जेमतेम दोन टक्के भाग या आजारांच्या वाट्याला येतो. तरुण संशोधकांच्या दृष्टीने तर त्याहून बोलकं उदाहरण युरोप आणि आफ्रिकेच्या संयुक्त वैद्यकीय चाचण्यांच्या भागीदारीचं आहे. २००३ साली सुरू झालेल्या या भागीदारीने आफ्रिकेत खूप माणसं घडवली, तरुणांना शिष्यवृत्त्या दिल्या. पण तिचा परीघ संसर्गजन्य आजारांचा: आधी एचआयव्ही, क्षय आणि मलेरिया, नंतर त्यात दुर्लक्षित संसर्गांची भर. युगांडातल्या कंपाला किंवा झांबियातल्या लुसाकामधल्या हुशार मुलीने काय करावं? जिथे शिष्यवृत्ती आहे, जिथे प्रयोगशाळा चालू आहे, जिथे मार्गदर्शक आहेत, तिथेच ती जाणार. तिच्या आईला मधुमेह असला तरी ती मलेरियावर पीएचडी करणार. तिची चूक नाही. पाणी उताराकडेच वाहतं, आणि उतार कुणीतरी आखून ठेवलेला असतो.

यावर नेहमी एक आक्षेप येतो, आणि तो चांगल्या हेतूने येतो: आधी साथी आवरा, बाकीचं नंतर. पण माणसाच्या शरीरात ही रांग लागत नाही. एचआयव्हीच्या औषधांनी वाचलेली माणसं आता पन्नाशी-साठीला आली आहेत आणि त्यांना रक्तदाब आहे, साखर आहे. एका दवाखान्यात एचआयव्हीची गोळी घ्यायची, दुसऱ्यात बीपीची, तिसऱ्यात साखरेची, दोनदा बसभाडं, तीनदा रांग. युगांडा आणि टांझानियातल्या ३२ आरोग्य केंद्रांमध्ये हे तिन्ही उपचार एकाच छताखाली आणून पाहिले. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. एचआयव्हीवरचं नियंत्रण अजिबात ढळलं नाही, आणि बाकीचे रुग्णही त्याच छताखाली टिकले. म्हणजे साथीच्या पैशाने उभी राहिलेली यंत्रणा जुनाट आजारांच्याही कामी येऊ शकते. मात्र कशी, कुठे, किती खर्चात, हे तिथेच राहून शोधणारी माणसं हवीत.

दुसरा आक्षेप जरा जास्त टोकदार आहे. औषधं माहीत आहेत, स्वस्त आहेत, मग संशोधन कशाला? वाटप करा. आपल्याला, विशेषतः मुंबईकरांना, हा युक्तिवाद लगेच पटतो, कारण आपण तो चमत्कार जवळून पाहिलाय. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने डॉ. युसुफ हमीद यांच्या पुढाकाराने एचआयव्हीची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, जेव्हा तीच औषधं श्रीमंत देशांत दहा हजार डॉलरच्या घरात होती. आफ्रिकेतल्या लाखो माणसांच्या जगण्याचा रस्ता त्यातून मोकळा झाला. पण एचआयव्हीचा विषाणू कुठे आहे आणि त्यावर काय चालतं हे तेव्हा ठाऊक होतं. रक्तदाब आणि मधुमेहाच्या बाबतीत तेवढी खात्री बाळगता येत नाही, आणि क्रिओलने तेच दाखवून दिलं.

मधुमेहाचंच घ्या. २०२५ मध्ये कॅमेरून, युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या, तरुण वयात मधुमेह झालेल्या ८९४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिलं नाव कॅमेरूनच्या डॉ. जाँ-क्लोद कॅत्ते यांचं. या सगळ्यांवर ‘टाइप १’ असा शिक्का बसलेला होता. टाइप १ म्हणजे शरीराने स्वतःच स्वादुपिंडावर हल्ला चढवणं, आणि त्या हल्ल्याच्या खुणा रक्तात सापडतात. इथे जवळजवळ दोन-तृतीयांश रुग्णांमध्ये त्या खुणा सापडल्याच नाहीत. म्हणजे पुस्तकातला टाइप १ हा नव्हेच, काहीतरी वेगळं आहे. युरोपमधल्या पुस्तकावरून शिकलेल्या डॉक्टरने शिक्का मारला, आणि कुणी प्रश्न विचारला नाही तोवर तो शिक्काच खरा मानला गेला.

पुण्याच्या वाचकाला ही गोष्ट कुठेतरी ऐकल्यासारखी वाटेल. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या माणसांबद्दल नेमका असाच प्रश्न विचारला होता: अंगाने सडपातळ असलेल्या भारतीयांना एवढा मधुमेह का होतो? त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा आकडा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हे उत्तर शोधायला १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या बायकांची गरोदर होण्याआधीपासून नोंद सुरू झाली. बाळं जन्मली, त्यांची वजनं, त्वचेखालची चरबी, दंडाचे घेर मोजले. मग ती सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा मोजमाप, अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा. आता ती मुलं स्वतः आई-बाप व्हायच्या वयाची आहेत. आईच्या गरोदरपणातलं ब-१२ आणि मुलाच्या अंगातली इन्शुलिनची सुस्ती यांचं नातं दिसलं ते मुलं सहा वर्षांची झाल्यावर. तीन वर्षांच्या अनुदानात ते दिसणं शक्यच नव्हतं. त्या कामाला लंडनच्या वेलकम ट्रस्टने दीर्घकाळ हात दिला, हे इथे मुद्दाम सांगायला हवं, कारण बाहेरचा पैसा वाईट असं माझं म्हणणं नाही. बाहेरचा पैसा थांबायला तयार होता, आणि प्रश्न विचारणारा माणूस गावात राहणारा होता. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आफ्रिकेत अशी मोजमापाची ठिकाणं नाहीत असं अजिबात नाही. दक्षिण आफ्रिकेत मोझांबिकच्या सीमेजवळ अॅगिनकोर्ट नावाचा ग्रामीण भाग आहे. तिथे १९९२ पासून प्रत्येक घरातला प्रत्येक जन्म, मृत्यू, स्थलांतर दरवर्षी नोंदलं जातं. घानात नाव्रोंगो आहे, बुर्किना फासोत नानोरो, नैरोबीत कोरोगोचो आणि विवांडानीच्या झोपडपट्ट्या. पुण्याजवळचं वढूचं केंद्रही अशाच केंद्रांच्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्यात होतं. वढूत काम केलेल्या माणसाला नाव्रोंगोतली वही दाखवली तर तो दोन मिनिटांत कामाला लागेल, इतकी ही पद्धत सारखी आहे.

मी स्वतः काही वर्षं अशाच एका आरोग्य पाहणीत खेडोपाडी फिरले. दाब मोजायच्या आधी माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं असतं, पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, बोलायचं नाही. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात खुर्ची नसते, ओट्यावर बसलं की पाय लोंबकळतात, सासू येऊन काहीतरी विचारते, आणि तुम्ही ‘आजी, पाच मिनिटं गप्प बसा’ म्हणालात की आजी आणखी बोलायला लागतात. आमच्याबरोबर एक ताई होत्या, दहावी झालेल्या, त्याच गावच्या. कुणाच्या घरी कधी जायचं, कुणाला सकाळी शेतातच गाठायचं, कोण गोळी घेतो म्हणून सांगतं आणि घेत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. प्रकल्प संपला. त्यांचं कंत्राट संपलं. दीड वर्षाने दुसरा प्रकल्प आला तेव्हा त्या एका कारखान्यात पॅकिंगला लागल्या होत्या. नवी माणसं घेतली, शिकवली, आणि पहिल्या सहा महिन्यांचे आकडे निम्मे टाकून द्यावे लागले. त्या ताईंना मधल्या काळात जो पगार वाचवला, त्याच्या कितीतरी पट पैसा वाया गेला. पाहणीत एखादी ताई जाते, विद्यापीठात तरुण शास्त्रज्ञ जातो, आणि आफ्रिकेतही हेच घडतं.

पीएचडी होईपर्यंत या तरुण शास्त्रज्ञाला शिष्यवृत्ती असते. नैरोबीच्या आफ्रिकी लोकसंख्या आणि आरोग्य संशोधन केंद्राने आणि दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरांड विद्यापीठाने २००८ पासून चालवलेली कार्टा ही योजना आफ्रिकी विद्यापीठांमधल्या अध्यापकांना आपल्याच विद्यापीठात राहून पीएचडी करायला मदत करते. ती अगदी विचारपूर्वक आखलेली आहे. पण पीएचडी झाल्यानंतरची सात-आठ वर्षं कोण सांभाळतं? तो विद्यापीठात परत येतो. आठवड्याला पंधरा-वीस तास शिकवायचं, डॉक्टर असेल तर शिवाय बाह्यरुग्ण विभाग. हाताखाली सहायक नाही. अनुदान मिळालं तरी ते नमुने गोळा करायला, किट आणायला, विमानाने एका बैठकीला जायला. त्याच्या स्वतःच्या वेळेसाठी त्यात ओळ नसते. परदेशातल्या मोठ्या प्रकल्पात तो ‘सहकारी’ म्हणून येतो, रुग्ण गोळा करून देतो, रक्ताच्या नळ्या पाठवतो, आणि निबंधाच्या लेखकांमध्ये त्याचं नाव मधे कुठेतरी येतं. पस्तिशीच्या आसपास कुणी लंडनला जातो, कुणी खासगी रुग्णालयात, कुणी एखाद्या संस्थेत अधिकारी होतो. खंडाने त्याच्यावर पंधरा वर्षं गुंतवलेली असतात.

वरखर्चाची गोष्ट तर मला सर्वांत अन्यायाची वाटते, आणि ती फारशी बोललीही जात नाही. संशोधनाला जागा लागते, वीज लागते, हिशेबनीस लागतो, नीतिमत्ता समिती लागते. अनुदानात या खर्चाची वेगळी तरतूद असते. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था परदेशी संस्थांना यासाठी सरसकट आठ टक्के देते. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांना हाच दर पन्नास टक्क्यांच्या वर मिळत आला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने हा दर सगळ्यांना पंधरा टक्क्यांवर आणायचं ठरवलं, तेव्हा विद्यापीठांनी सांगितलं की प्रयोगशाळा बंद पडतील, आणि न्यायालयाने तो निर्णय रोखला. त्यांचं म्हणणं खरं होतं. पण पंधरा टक्क्यांत बॉल्टिमोरची प्रयोगशाळा चालत नसेल तर आठ टक्क्यांत नायजेरियातल्या इबादानची कशी चालावी? इबादानला वीज दिवसातून अनेकदा जाते. उणे ८० अंशांचं फ्रीजर म्हणजे जनरेटर, जनरेटर म्हणजे डिझेल, डिझेल म्हणजे रोजचा रोख पैसा. एका रात्री डिझेल संपलं तर तीन वर्षं गोळा केलेलं रक्त पाण्यासारखं होतं. अभिकर्मक, म्हणजे तपासणीची रसायनं, बाहेरून मागवायचे, ते कस्टममध्ये अडकतात, बर्फ वितळतो, पुन्हा मागवायचे. हे सगळं त्या आठ टक्क्यांतून निभवायचं. मग प्रकल्प-अहवालात ‘संस्थेची क्षमता अपुरी’ असा शेरा येतो.

आणि एवढं सोसून जे काम होतं त्याचा लाभ कुणाला होतो हेही पाहायला हवं, कारण हा दानधर्माचा विषय नाही. जनुकांच्या जगभरच्या अभ्यासांमध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांचा वाटा काही वर्षांपूर्वी दोन टक्क्यांच्या आसपास होता. युरोपीय वंशाचा ७८. माणूस आफ्रिकेत जन्मला, सर्वाधिक विविधता तिथेच आहे, आणि तिथेच सर्वांत कमी पाहिलं. एच-थ्री-आफ्रिका या आफ्रिकी लोकांच्या जनुकांचा आणि आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांनी ५० भाषिक-वांशिक गटांमधल्या फक्त ४२६ लोकांचे जीनोम वाचले तेव्हा आधी कुणी न नोंदवलेले तीस लाखांहून अधिक बदल सापडले. हा निबंध २०२० मध्ये आला. कोलेस्टेरॉल उतरवणारी, २०१५ पासून बाजारात असलेली महागडी इंजेक्शनं आठवा. ज्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनावर ती काम करतात, ते जनुक बिघडलं तर हृदय वाचतं हे उघड झालं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या अभ्यासातून: शंभरातल्या दोन-तीन जणांमध्ये हा बदल होता आणि त्यांना हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी होता. झिंबाब्वेतली २१ वर्षांची एक तरुणी निघाली, ठणठणीत, जिचं वाईट कोलेस्टेरॉल होतं अवघं १५. आज पुण्यात किंवा नागपुरात ज्याला ते इंजेक्शन मिळतं त्याने या माणसांचे आभार मानावेत.

घाना आणि नायजेरियातल्या आठ हजारांहून अधिक लोकांच्या मूत्रपिंडांचा अभ्यासही असाच. एपीओएल-१ नावाच्या जनुकाचे काही बदल ‘स्लीपिंग सिकनेस’ या माशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या आजाराच्या परजीवीपासून संरक्षण देतात, म्हणून पश्चिम आफ्रिकेत ते पसरले. पण तेच बदल मूत्रपिंड खराब करतात. दोन्ही पालकांकडून असा बदल आलेले जवळजवळ ३० टक्के लोक निघाले. शिवाय एकच बदल असला तरी धोका वाढतो असं दिसलं, जे आधी मानलं जात नव्हतं. हे तिथे जाऊन, तिथल्या लोकांमध्ये पाहिलं म्हणून कळलं.

एक धागा तर थेट गडचिरोली आणि नंदुरबारपर्यंत येतो. सिकलसेलचा एक दोष असलेल्या, म्हणजे स्वतः आजारी नसलेल्या वाहकांमध्ये तीन महिन्यांच्या साखरेची जी एचबीएवनसी तपासणी आपण करतो, ती खऱ्या साखरेपेक्षा कमी आकडा दाखवू शकते. हे अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत दिसून आलं. आफ्रिकेत हे वाहक कोट्यवधी आहेत, आणि आपल्या आदिवासी पट्ट्यातही मोठ्या संख्येने आहेत. मधुमेह ओळखायची कोणती तपासणी, कोणत्या मर्यादेवर, या लोकांसाठी भरवशाची? हा प्रश्न लुसाकाचा तरुण संशोधक सोडवेल तर त्याचं उत्तर धडगावच्या दवाखान्यात वापरता येईल. उलटही तेवढंच खरं.

२०२५ या वर्षाने मात्र या सगळ्याचा पाया किती कच्चा आहे ते दाखवून दिलं. फेब्रुवारीत अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेची मदत थांबवण्याचा आदेश काढला. मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परदेशी संस्थांकडे जाणारी उपअनुदानं नव्याने देणं थांबवलं, नवी पद्धत येईपर्यंत. १९६८ पासून गरीब देशांतल्या संशोधकांना घडवणारं फोगार्टी केंद्र बंदच करावं, असा प्रस्ताव पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आला. ज्या शास्त्रज्ञाने आयुष्याची दहा वर्षं एका आजाराला दिली, त्याचं भवितव्य त्याने कधी मत न दिलेल्या देशातल्या निवडणुकीवर ठरावं, याला कुणी दूरदृष्टी म्हणणार नाही.

म्हणून आफ्रिकी सरकारांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २००६ मध्ये खार्टूमला आफ्रिकी संघाने ठरवलं की प्रत्येक देशाने राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का संशोधनाला द्यावा. बहुतेक देश अजून त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा खालीच आहेत. भारताचा आकडा ०.६४ टक्के आहे, त्यामुळे उपदेशाचा अधिकार आपल्याला नाही. पण अनुभव सांगण्याचा जरूर आहे. आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि वेलकम ट्रस्टने २००८ पासून मिळून जी शिष्यवृत्ती योजना चालवली, ती तरुण संशोधकाला पाच वर्षांचा पगार आणि कामाचा पैसा देते, त्याने भारतातच काम करावं या अटीवर. सुरुवातीला दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या टप्प्यात दीड हजार कोटींपैकी हजार कोटी भारत सरकारचे आणि पाचशे ट्रस्टचे. बाहेरचा हात हळूहळू सैल होतो आणि घरचा घट्ट होतो, अशी ही रचना. घाना, केनिया, नायजेरिया यांनी अशा अटीवर बाहेरचा पैसा घ्यावा. दक्षिण आफ्रिकेने तर एक पाऊल टाकलंही आहे: अॅगिनकोर्टसारखी केंद्रं तिथल्या विज्ञान खात्याच्या राष्ट्रीय जाळ्यात घेतली गेली आहेत.

पैसा आफ्रिकी हातात दिला तर हिशेब नीट राहील का, अशी शंका दबक्या आवाजात घेतली जाते. २०२१ मध्ये नैरोबीच्या आफ्रिकी विज्ञान अकादमीच्या कारभाराबद्दल प्रश्न उभे राहिले आणि वेलकमसह मोठ्या देणगीदारांनी तिच्याकडची अनुदान-व्यवस्था काढून घेतली. ती दिली कुणाला? त्याच शहरातल्या नव्या सायन्स फॉर आफ्रिका फाउंडेशनला. मला हे उत्तर योग्य वाटतं. एका संस्थेचा कारभार चुकला तर दुसरी उभी करायची, किल्ल्या परत लंडनला न्यायच्या नाहीत. कोणता आजार आधी, कोणता प्रश्न महत्त्वाचा, हे ठरवण्याचा अधिकार तिथेच राहिला पाहिजे.

भारताकडूनही यात काही यायला हवं. आफ्रिकी संशोधकांसाठी आपल्या विज्ञान विभागाची सी. व्ही. रामन यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, पण ती काही महिन्यांची. त्या काळात ओळखी होतात, एखादं तंत्र शिकता येतं, एवढंच. ती पाच वर्षांची करावी, आणि त्यातली चार वर्षं संशोधकाने स्वतःच्या देशात घालवावीत. आफ्रिकेत गोळ्या विकणाऱ्या महाराष्ट्रातल्या औषध कंपन्यांनी आपल्याच गोळ्या तिथल्या रुग्णांवर कशा लागू पडतात हे शोधणाऱ्या तिथल्याच तरुणांना पैसा द्यावा, औषधाची निवड आणि निकाल यांत हात न घालता. आणि प्रत्येक देणगीदाराने, मग तो कुठलाही असो, अर्जाच्या नमुन्यात एक ओळ वाढवावी: संशोधकाचा स्वतःचा पगार, किमान सात वर्षं. वरखर्चाचा दर आपल्या देशातल्या विद्यापीठाला जो देता तोच.

डॉ. ओजी यांचं पुढचं काम २०२४ मध्ये आलं. या वेळी तीन औषधं कमी मात्रेत एकाच गोळीत, नायजेरियातले ३०० रुग्ण. महिनाभरात ८१ टक्के रुग्णांचा दवाखान्यात मोजलेला दाब आटोक्यात आला; नेहमीच्या पद्धतीने उपचार केलेल्यांमध्ये ५५ टक्के. क्रिओलचा प्रश्न विचारणारा माणूसच पुढचा प्रश्न विचारायला त्याच विद्यापीठात उरला होता. दरम्यान त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अबुजाच्या आसपासच्या ६० सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये रक्तदाबाची नोंद आणि उपचार सुरू केले होते. तिथे दाब मोजतात आणि औषध चालू ठेवतात ते बहुतेक ठिकाणी डॉक्टर नसलेले आरोग्य कर्मचारी. या ६० केंद्रांच्या कामाचा पैसा आला होता अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून.